पौनीकरबाईंचं घर

पौनीकरबाई चपला हातात घेऊन शाळेला येत. इतवारीच्या मागच्या कोष्ट्यांच्या वस्तीतून निघायच्या, शुक्रवारी तलावाच्या काठाकाठानं बर्डीपर्यंत अनवाणी चालायच्या आणि शाळेच्या फाटकाशी आल्यावर पाय झटकून चपला घालायच्या. नागपूरच्या उन्हात सडक कशी तापते हे सांगायला नको. एकदा मी म्हटलं, बाई, तळपाय पोळत नाहीत का? त्या म्हणाल्या, "पाय पुन्हा बरे होतात. चपलेला नवीन तळ लावावा लागतो."

मी त्या मुलींच्या शाळेत नव्यानं लागले तेव्हा त्या गणित शिकवत होत्या. काठ नसल्यासारखं बारीक काठाचं लुगडं, बारा महिने काखेत काळी छत्री आणि शाळेत अगदी पुस्तकी बोलणं. घरी मात्र त्या आपल्या माणसांशी आपल्या बोलीत बोलत. ते मला पुढे कळलं. शिक्षिकांच्या चहाच्या वर्गणीत त्या नव्हत्या. चहा आला की उठून व्हरांड्यात जायच्या, कुणाला आग्रह करायची पाळी येऊ नये म्हणून.

माझ्या आणि त्यांच्या वर्गामध्ये बांबूची एक तट्टी होती. तिच्यातून त्यांची गणितं मला ऐकू येत, आणि महिनाभरात माझ्या लक्षात आलं की बाई वर्षभर एकच घर बांधताहेत. बारा फूट लांब, दहा फूट रुंद खोली, दीड फुटाची भिंत, तर विटा किती? एका ब्रासला इतका चुना, तर पाच खोल्यांना किती? चांद्याचं सागवान महागलं, तर तेवढ्याच पैशांत दारं किती बसतील? एका मुलीचं उत्तर चुकलं तेव्हा बाईंनी तिला उभं केलं. मारलं नाही, त्या कधीच मारत नसत. म्हणाल्या, "तुझ्या हिशेबानं बांधलं तर भिंत माझ्या आईच्या अंगावर पडेल. आता तशीच उभी राहून विचार कर, कुणाला बाहेर काढशील." ती मुलगी तास संपेपर्यंत रडत उभी होती. बाई पुढचं गणित घालत राहिल्या.

घर खरोखरच बांधायचं होतं. बाईंचे वडील विणकर. बाईंचं लग्न परकर नेसायच्या वयात झालं आणि नवरा वर्षाच्या आत गेला. सासरचं आडनाव तेवढं राहिलं. वडिलांनी हिमतीनं शिकायला घातलं, त्या मास्तरणींच्या परीक्षेपर्यंत गेल्या, आणि वडील वारल्यावर घर त्यांच्याच पगारावर चालू लागलं. घरात आई आणि धाकटा भाऊ माधव. त्याला बाईंनी मॅट्रिक केलं, कचेरीत कारकून म्हणून लावलं. तिघं भाड्याच्या दोन खोल्यांत राहत. त्यातल्या एकीत जुन्या मागाचा खड्डा होता, वर फळ्या टाकलेल्या. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. फळी सरकली की म्हातारी त्या खड्ड्यात पडायची. घरमालक खड्डा बुजवू देत नव्हता. उद्या माग बसवायचा झाला तर, असं त्याचं म्हणणं.

धंतोलीच्या पलीकडे नझूलची, म्हणजे सरकारी मालकीची जागा मिळत होती. घरबांधणीची एक सोसायटी सरकारी नोकरांना कर्ज देत होती. जागा आणि कर्ज दोन्ही माधवच्या नावावर झालं, कारण बाईमाणसाचं नाव लावायला दोन्हीकडे खळखळ होती. हप्ता बाईंच्या पगारातून. पगाराच्या दिवशी शाळा सुटली की त्या स्वतः चालत जाऊन हप्ता भरून येत. मी एकदा विचारलं, तुमचं नाव कुठंच नाही का? त्या हसल्या. त्यांना हसताना मी मोजकंच पाहिलं. म्हणाल्या, "माधवला मी अंगाखांद्यावर वाढवलाय, कमल. त्याच्या नावावर काय नि माझ्या नावावर काय."

पाया खणून झाला तेव्हा एका रविवारी बाई आईला जागा दाखवायला घेऊन गेल्या. मला बरोबर बोलावलं होतं. म्हातारीला आता उजेड-अंधार एवढंच कळत होतं. ती बाईंच्या दंडाला धरून मुरमावरून पाय चाचपत चालली होती. एका ठिकाणी थांबून तिनं विचारलं, "हे कोणची खोली व्हय वं, सरू?"

"तुही व्हय, माय."

"खिडकी कोठी हाय?"

"उगवतीकडं."

"मंग सकाळी ऊन येईन," म्हातारी म्हणाली, आणि ऊन आल्यासारखं तोंड वर करून उभी राहिली.

आठवडाभरापूर्वीच तट्टीपलीकडच्या गणितात पाचाच्या चार खोल्या झाल्या होत्या. सागवानाचा भाव पुन्हा वाढला होता, आणि कमी झालेली खोली मागच्या अंगाची, उगवतीकडची, आईची होती. म्हातारी उभी होती तिथं आता न्हाणीघर येणार होतं. बाईंच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. परतताना मी डोळ्यांच्या शस्त्रक्रियेचा विषय काढला. सरकारी इस्पितळातले डॉक्टर बरं होईल म्हणत होते, पण इस्पितळातलं राहणं, औषधं, नंतरचा चष्मा, महिनाभर कुणीतरी घरी, एवढं सगळं आलंच. बाई म्हणाल्या, "घर झालं की."

भिंती कमरेएवढ्या झाल्या तेव्हा म्हातारी वारली. साधा ताप आला आणि ती गेली. दहावं आटोपून बाई शाळेत आल्या, पहिल्या तासाला गणित घातलं. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात माझ्याशेजारी उभ्या राहून एकदम म्हणाल्या, "डोळ्यांचे पैसे वाचले, असं माधव म्हणाला." मग वर्गाकडे वळताना, "आणि खरंच वाचले."

माधव वाईट बोलणारा माणूस नव्हता. त्यानं आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. शाळेत यायचा तेव्हा दाराशी उभा राहून, टोपी नीट करून, "बाई आहेत का?" असं हळू विचारायचा. आम्हा सगळ्या जणींना तो आवडायचा.

त्यांच्या जातीत विधवेला पाट लावून पुन्हा संसार करता येतो, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. इतवारीत सुताचं दुकान चालवणारे श्रीपतराव नावाचे एक बिजवर होते. दुपारी दुकानावर बसून अडाणी विणकरांना वर्तमानपत्र वाचून दाखवत, म्हणून वस्तीत त्यांना मान होता. त्यांनी आपल्या बहिणीकरवी माधवकडे बाईंसाठी विचारणा केली. बाईंना याची काही खबर नव्हती. माधवनं त्या बहिणीला बसवलं, पाणी दिलं, आणि खाली मान घालून सांगितलं की बाईची छाती बरी नाही. डॉक्टरनं सांगितलं आहे. कुणाला बोलू नका, तिची नोकरी जाईल.

ती बहीण भली बाई होती, पण असली गोष्ट पोटात राहत नाही. वस्तीतून बर्डीपर्यंत, तिथून शाळेच्या कमिटीपर्यंत बातमी गेली. हेडमिस्ट्रेसबाईंनी पौनीकरबाईंना बोलावून घेतलं आणि तपासणी होऊन दाखला मिळेपर्यंत घरी बसायला सांगितलं, बिनपगारी. मुलींच्या आयांनी वर्गातली त्यांची खुर्ची धुवायला लावली. शाळेतल्या मोलकरणीनं ती अंगणात नेऊन राखेनं घासली. मी तट्टीआडून पाहत होते. थुंकीची तपासणी, छातीची तपासणी, या डॉक्टरची चिठ्ठी त्या डॉक्टरकडे, असे पावसाळ्याआधीचे बांधकामाचे महिने गेले. भिंती उभ्या होत्या, वर काही नव्हतं. शेवटी मोठ्या डॉक्टरनं लिहून दिलं की छाती स्वच्छ आहे, कधीही काही नव्हतं.

बाई कामावर रुजू झाल्या त्याच आठवड्यात श्रीपतरावांची बहीण शाळेत आली. ओशाळून गेली होती. माझ्यादेखत तिनं सगळं सांगितलं, मागणी घातली तिथपासून. बाईंनी मध्ये एकच प्रश्न विचारला, श्रीपतराव आता काय म्हणतात? बहिणीनं मान खाली घातली. श्रीपतरावांनी मागच्याच महिन्यात भंडाऱ्याकडची एक बाई पाट लावून आणली होती.

त्या संध्याकाळी बाई मला म्हणाल्या, "तू माझ्याबरोबर घरी चल. मला साक्षीला कुणीतरी पाहिजे."

माधव नुकताच कचेरीतून येऊन पाय धूत होता. बाईंनी छत्री भिंतीला टेकवली आणि विचारलं, "काहून बोलला तू असं?"

त्यानं नाकारलं नाही. टॉवेलनं पाय पुसत तो हळूच म्हणाला, "तू गेली असती त घर कसं झालं असतं, बाई? मी सोतासाठी नाही बोललो. घरासाठी बोललो."

"घर कोनाच्या नावावर हाय?"

त्यानं टॉवेल दोरीवर टाकला.

बाई चुलीकडे गेल्या. एका ताटलीत भाकरी आणि ठेचा वाढून घेतला आणि ताटली घेऊन अंगणात, दारापासून दूर, जाऊन बसल्या. माधव ताटावर बस म्हणायला उठला तसं त्यांनी हातानं त्याला थांबवलं. "दूर राह्य गा. मले छातीचा रोग हाय." आणि त्या जेवल्या. त्या दिवसापासून त्या घरात त्यांनी कुणाबरोबर पंगतीला ताट मांडलं नाही.

मला वाटलं आता त्या काम थांबवतील. दुसऱ्या दिवशी त्या सुट्टी घेऊन छपरासाठी कवेलू बघायला गेल्या. पुढे लढाई सुरू झाली, लोखंड मिळेना, तेव्हा खिडक्यांना गजांऐवजी लाकडी पट्ट्या बसवल्या. मी न राहवून विचारलं की आता कशासाठी? त्यांना माझा राग आला. "भिंती पावसात उघड्या ठेवू? माझा पगार आहे त्यांच्यात." चहा नव्हताच, आता त्यांनी संध्याकाळचं जेवणही सोडलं. बिनपगारी महिन्यांचे तुंबलेले हप्ते फेडले आणि पुढे हप्ता एकदाही चुकला नाही.

घर झालं. त्याच उन्हाळ्यात माधवचं लग्न झालं होतं, उमरेडच्या सुमतीशी. वास्तूला मी गेले होते. पूजेला माधव आणि सुमती बसले होते. बाई मागच्या अंगणात मोठ्या कढईपाशी होत्या, घामानं लुगडं पाठीला चिकटलेलं. विधवेनं पूजेसमोर कशाला यायचं, असं कुणी म्हटलं नव्हतं. त्या आपणहून पहाटेपासून तिथं जाऊन बसल्या होत्या. कुणी पाहुण्यानं घराचं कौतुक केलं तेव्हा माधव नम्रपणे म्हणाला, "मी कर्ज काढलं, बाईनं हातभार लावला." आवाज अंगणापर्यंत गेला असणार. बाईंनी झारा कढईवर आपटून तेल निथळवलं आणि पुढची पुरी सोडली.

त्यांना स्वयंपाकघराच्या बाजूची खोली मिळाली. सुमतीला पहिली मुलगी झाली, विमल, तेव्हा ती खोली बाळंतिणीची झाली आणि बाई न्हाणीघराला लागून काढलेल्या पडवीत गेल्या. पोरीवर त्यांचा जीव होता. पण त्यांनी हाक मारली की सुमती पोरीला उचलून आत न्यायची. तिला लग्नाआधीच वस्तीतून कळलं होतं की नणंदेला छातीचा रोग आहे. डॉक्टरचा दाखला होता, पण लोक दाखल्यावर विश्वास ठेवत नाहीत, डोळ्यांना दिसतं त्यावर ठेवतात. आणि बाई तर रोज स्वतःच आपलं ताट घेऊन दूर बसत होत्या. सुमती शेजारणींना म्हणायची, बघा, त्यांना स्वतःलाच ठाऊक आहे.

दुसऱ्या मुलाच्या वेळी तिनं सरळ सांगितलं की नणंद घरात राहिली तर मी उमरेडहून परत येणार नाही. माधवनं बाईंना एका रविवारी बसवून बोलायला सुरुवात केली. मी त्या दिवशी परीक्षेचे पेपर द्यायला म्हणून गेले होते आणि दारातच अडकले. सुमती आत चौकटीला धरून उभी होती.

"सुमती लेकराइसाठी भिऊन राहिली, बाई," तो म्हणाला.

"त तिले सांग खरं काय ते. आत्ता सांग, माह्यासमोर."

माधवनं बायकोकडे पाहिलं. मग जमिनीकडे. एका वाक्याचं काम होतं. मी खोटं बोललो होतो, एवढंच म्हणायचं होतं. तो म्हणाला, "जाऊ दे ना, बाई. दुसरीकडं तुलेच मोकळं वाटन."

बाईंनी ट्रंक काढली. त्यात भरायला फार काही नव्हतं. हमाल मीच बोलावून आणला.

त्या पुन्हा इतवारीच्या मागे, भाड्याच्या एका खोलीत राहायला गेल्या. पुढच्या पगाराच्या दिवशी शाळा सुटल्यावर मी पाहिलं, त्या सोसायटीच्या रस्त्याला वळल्या नाहीत. सरळ चालत राहिल्या. चपला पायातच होत्या.

माधवला सुरुवातीला काळजी वाटली नाही. बहीण आहे, किती दिवस रुसेल, असं तो म्हणायचा आणि बाकीचेही म्हणायचे. त्याच्या पगारात हप्ता बसत नव्हता, बसेल असा हिशेब त्यानं कधी केलाच नव्हता. नोटिसा आल्या, व्याज चढलं, आणखी नोटिसा आल्या. तोवर बाई निवृत्त झाल्या. त्यांना शाळेकडून फंडाचे पैसे मिळाले. थकबाकी फेडून वर उरतील एवढे ते होते, हे त्यांना ठाऊक होतं आणि माधवलाही.

लिलावाची तारीख लागली तेव्हा तो त्यांच्या खोलीवर आला. मी तिथंच होते. तो उंबऱ्यात बसून रडला, मुलांची नावं घेऊन रडला. बाईंनी त्याला रडू दिलं. मग विचारलं, "सुमतीले खरं सांगतलं?"

"आता त्यानं काय होते, बाई?"

"मंग जाय."

त्यानं टोपीनं डोळे पुसले. घरी जाऊन बायकोला चार शब्द सांगणं आणि घर वाचवणं, एवढंच होतं. मला अजूनही कळत नाही की ते त्याला का जमलं नाही. कदाचित सुमतीनं त्याला सत्यवचनी म्हणून मानलं होतं आणि तेवढंच त्याचं स्वतःचं असं घरात काही होतं. तो उठून गेला. मी बाईंना म्हटलं, मुलांकडे तरी बघा. त्या म्हणाल्या, "मायकडं कुठं बघितलं मी?"

लिलावाला त्या आल्या. रस्त्याच्या पलीकडे छत्री उघडून शेवटपर्यंत उभ्या होत्या. एका लाकडाच्या ठेकेदारानं घर घेतलं. शेवटची बोली झाल्यावर बाई फक्त म्हणाल्या, "कमी गेलं." सुमती दारात भांडी आवरत होती. तिनं एकदाही मान वर केली नाही.

त्याच वर्षी, उशिरानं का होईना, माझं लग्न ठरून मी जबलपूरला गेले. बाईंना मी शेवटचं पाहिलं ते त्याच्या थोडं आधी, इतवारीच्या स्टेशनवर. माधवचं बिऱ्हाड उमरेडला, सुमतीच्या माहेरी निघालं होतं. तो एकटा नागपुरात राहून नोकरी करणार होता. बाईंनी मला बरोबर घेतलं होतं. हातात पितळेचा एक डबा होता. रव्याचे लाडू. त्यांच्या हातचं गोड मी कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

अरुंद रुळांची छोटी गाडी उभी होती. विमल खिडकीशी बसली होती. तिनं आत्याला पाहिलं आणि दोन्ही हात बाहेर काढले. बाईंनी डबा वर केला. पोरीनं तो घेतला, मांडीवर ठेवून झाकण उघडलंसुद्धा, आणि तेवढ्यात सुमतीनं तिच्या हातातून डबा हिसकून खिडकीबाहेर टाकला. ओरडली नाही. मुलीचे हात पदरानं पुसत तिला समजावून म्हणाली, "रोग्याच्या हातचं खात नाई, बाई."

माधव फलाटावर, त्याच खिडकीपाशी उभा होता. तो गाडीच्या डब्याला लावलेल्या पाटीकडे बघत राहिला.

गाडी हलली. लाडू फलाटभर घरंगळले होते, काही फुटले होते. बाई खाली बसल्या. गुडघे दुखत होते, पण मला हात लावू दिला नाही. एकेक लाडू उचलून त्याची माती फुंकून डब्यात ठेवला, फुटलेल्यांचे तुकडेही वेचले. डबा पडताना झाकण वाकलं होतं, ते बसेना. एका बाजूनं दाबलं की दुसरी बाजू उचकत होती. फलाट रिकामा झाला, माधव निघून गेला, तरी त्या तिथंच बसून अंगठ्यानं त्या झाकणाची कड गोल गोल दाबत होत्या.